सुरतेच्या वखारीतील देह आणि आत्मा

सुरत म्हटली की महाराष्ट्राला १६६४ सालचा जानेवारी महिना आठवतो. शिवछत्रपतींच्या त्या स्वारीची हकीगत सर्वश्रुत आहे. तिच्यातील एक लहानशी नोंद मात्र सहसा कोणी सांगत नाही. बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, कापुचिन संघाचे फादर अँब्रोझ यांच्या घराला महाराजांनी धक्का लागू दिला नाही. फिरंगी पाद्री सज्जन आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही वाचले, कारण तो हयातीत दानशूर म्हणून प्रसिद्ध होता. इंग्रजांची वखार वाचली ती बंदुकांच्या बळावर.

अकिंचन साधूंचे घर लुटून काय मिळणार, असे कोणी म्हणेल. पण दलालाचे घर काही रिकामे नव्हते. माणसाची पारख तेथे वर्तनावरून झाली, हे स्पष्ट आहे. हीच कसोटी बंदरावरच्या सामान्य लोकांनी ख्रिस्ती म्हणविणाऱ्या परदेशीयांना पन्नास वर्षांपूर्वीच लावली होती, आणि तिचा निकाल भूषणावह नव्हता.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौलाने देह आणि आत्मा यांचे वैर वर्णिले आहे. 'देह' या शब्दाने वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. हाडामासाचे शरीर वाईट, असे पौलाला म्हणावयाचे नाही. ते तर ईश्वराचीच निर्मिती. देवाकडे पाठ फिरवून स्वतःभोवती घिरट्या घालणारा मनुष्यस्वभाव म्हणजे पौलाचा देह. म्हणून त्याने देहाच्या कर्मांत मद्यपान आणि जारकर्म यांच्या जोडीला मत्सर, कलह आणि तट पाडणे यांनाही बसविले आहे. आपल्या षड्रिपूंची येथे आठवण व्हावी. परंतु पौल आणखी एक गोष्ट सांगतो: नियम माणसाला त्याची चूक दाखवितो, ती टाळण्याचे बळ देत नाही. ते बळ पवित्र आत्म्याचे.

सुरतेच्या इंग्रज वखारीत नियमांची वाण नव्हती. मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी १६३८ साली तेथे उतरला होता. रोज सकाळी सहाला आणि रात्री आठला प्रार्थना, रविवारी तीन वेळा. प्रत्येकाचे काम आणि वेळ ठरलेली. ही शिस्त पाहून तो प्रसन्न झाला. मौज अशी की, शुक्रवारची प्रार्थना आटोपली म्हणजे वखारीचा प्रमुख आणि त्याचे आप्त एकत्र बसत, विलायतेत राहिलेल्या आपापल्या पत्नींचे स्मरण करीत आणि त्यांच्या नावाने पेले रिचवीत. काहींना मग आपला तोल सांभाळणे कठीण जाई. घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या या माणसांना ढोंगी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांची प्रार्थना खरी होती आणि त्यांची तहानही खरी होती. पौलाने सांगितलेले द्वंद्व ते हेच.

टॉमस कोरियटचा अंत याहून करुण आहे. हा विलक्षण इंग्रज पश्चिम आशियातून पायी चालत १६१५ साली अजमेरला पोहोचला. एरवी तो मिताहारी. १६१७ च्या अखेरीस तो सुरतेस आला तेव्हा अतिसाराने बेजार होता. तेथील देशबंधूंनी स्नेहाने स्पॅनिश द्राक्षांची दारू पुढे केली. ती पाहून त्याला मोह आवरला नाही, दुखणे बळावले आणि डिसेंबरात तो मरण पावला.

कोरियटची ही हकीगत एडवर्ड टेरी या धर्मोपदेशकाने लिहून ठेवली आहे. टेरी १६१६ साली भारतात आला आणि सर टॉमस रो या इंग्रज वकिलाच्या सेवेत राहिला. मांडू येथे कोरियट त्याचा तंबूतील सोबती होता. बंदराजवळचे लोक मोडक्यातोडक्या इंग्रजीत ख्रिस्ती धर्माला सैतानाचा धर्म म्हणत, हे त्याने स्वतःच्या कानांनी अनेकदा ऐकले होते. ख्रिस्ती माणूस फार पितो, मारझोड करतो, शिवीगाळ करतो, असे त्यांचे कारण असे. मालाला कोणी फारच कमी किंमत देऊ केली, तर व्यापारी उलट विचारी की, तुला फसवायला मी ख्रिस्ती आहे असे वाटले की काय!

याच वखारीतल्या सर जॉर्ज ऑक्झेंडन यांचे १६६९ मध्ये निधन झाले. भावाच्या कबरीशी जोडलेली त्यांची घुमटांची दुमजली समाधी कतारगाम दरवाजाजवळ आजही उभी आहे. डच अधिकारी व्हॅन रीड यांची समाधीही तशीच भव्य. स्वतःच्या कंपनीतला भ्रष्टाचार निपटण्यासाठी पाठविलेल्या या गृहस्थाला मृत्यूनंतर एवढा डामडौल लाभावा, हे चमत्कारिकच.

टेरीला अशी समाधी लाभली नाही. स्वदेशी परतून तो एका खेड्याचा धर्मगुरू झाला. १६५५ साली त्याने आपला प्रवासग्रंथ छापला, तेव्हा बंदरावरचे ते शब्द ऐकून जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती. ते गाळले असते तर कोणाला कळलेही नसते. त्याने ते छापले, त्यांतील दोष आपल्याच लोकांच्या पदरी घातला आणि त्यामुळे आपल्या धर्माला लागलेल्या कलंकाबद्दल मनापासून खेद व्यक्त केला.