गुण्या, कंपास आणि हरवलेला शब्द : कोलकात्यातील फ्रीमेसनरीचा एक अभ्यास

प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी कार्यशाळेत विद्यार्थ्याच्या हाती गुण्या येतो. दोन कडांमध्ये काटकोन आहे की नाही, एवढेच तो सांगतो. करवतीने कितीही मन लावून कापले असले, तरी गुण्या लावल्यावर चूक दिसतेच. हीच साधी हत्यारे माणसाच्या वागण्याला लावली तर काय होईल? फ्रीमेसनरी या संघटनेची सारी प्रतीकव्यवस्था या प्रश्नावर उभी आहे. या पाठात आपण ती व्यवस्था समजून घेऊ आणि मग कोलकात्यात तिची जी परीक्षा झाली, ती पाहू.

संघटनेची पार्श्वभूमी

मेसन म्हणजे गवंडी किंवा पाथरवट. मध्ययुगीन ब्रिटनमध्ये दगडी बांधकाम करणाऱ्या कारागिरांच्या संघटना होत्या. पुढे त्यांत प्रत्यक्ष बांधकाम न करणारे उमराव, वकील आणि विद्वान येऊ लागले. परंपरेनुसार १७१७ मध्ये लंडनमधील चार लॉजनी (शाखांनी) मिळून ग्रँड लॉज स्थापन केली. १७२३ मध्ये जेम्स अँडरसन यांनी संकलित केलेली नियमावली प्रसिद्ध झाली. सभासदाचा पंथ कोणताही असो, ज्या नीतिधर्माबद्दल सर्वांचे एकमत आहे तो त्याने पाळावा, अशी तिची भूमिका होती. धर्मयुद्धांनी थकलेल्या युरोपात ही भूमिका नवी होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांबरोबर ही संघटना लवकरच भारतात आली. १७३० च्या सुमारास कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये भारतातील पहिली लॉज सुरू झाली.

प्रतीके आणि रूपककथा

प्रतीक आणि रूपककथा यांतील फरक आधी स्पष्ट करू. एका वस्तूमागे एक अर्थ उभा असतो, ते प्रतीक. संपूर्ण गोष्टच दोन पातळ्यांवर चालते, ती रूपककथा. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, पण तो दंश विकारांचा असतो, हे मराठी श्रोत्याला सांगावे लागत नाही. फ्रीमेसनरीत दोन्ही प्रकार आहेत.

प्रमुख प्रतीके अशी :

- गुण्या : सचोटीचे वर्तन.
- कंपास : स्वतःच्या वासनांना घातलेली मर्यादा.
- ओळंबा : सरळपणा.
- पाणसळ : समता. लॉजमध्ये सारे एका पातळीवर भेटतात.
- अनघड आणि घडीव दगड : संस्कारापूर्वीचा आणि नंतरचा माणूस.

सभासद तीन पायऱ्या चढतो : शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. तिसऱ्या पायरीवर एक कथा नाट्यरूपात सादर होते. राजा सॉलोमनच्या मंदिराचा मुख्य शिल्पी हिराम अबिफ याच्याकडे उस्तादांचा गुप्त शब्द असतो. तीन कारागीर तो बळजबरीने मागतात. हिराम नकार देतो आणि मारला जातो. त्याच्याबरोबर शब्दही हरवतो. मागे राहिलेल्यांना पर्यायी शब्दावर भागवावे लागते.

मंदिरासाठी काम करणारा हिराम नावाचा कारागीर बायबलमध्ये आहे, पण त्याच्या खुनाची कथा तेथे नाही. ती मेसनांची रचना आहे. तिचा गाभा महत्त्वाचा आहे. सत्य येथे कुणी तयार करून हाती देत नाही. ते हरवलेले आहे, हे मान्य करून शोध चालू ठेवायचा आहे.

येथे एक गैरसमज दूर करू. या विधींभोवती कटकारस्थानांच्या अनेक गोष्टी फिरतात. परंतु सॅम्युअल प्रिचर्ड यांनी १७३० मध्येच या तीन पायऱ्यांचे विधी, हिरामच्या कथेसह, छापून टाकले होते. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने 'गुपित काय होते?' यापेक्षा 'जे उघड बोलले जात होते, ते पाळले गेले का?' असे विचारावे.

कोलकात्यातील परीक्षा : १८६३ ते १८७२

पाणसळ समता शिकवते. मग राज्यकर्ता आणि प्रजा एका पातळीवर बसू शकत होते का?

सुरुवातीला बंगालमधील लॉज युरोपीयांच्याच होत्या. बंगालच्या पोटनियमानुसार आशियाई व्यक्तीला प्रवेश द्यायचा तर तेथील प्रमुखांची संमती लागे. १८६३ मध्ये प्रसन्नकुमार दत्त या बंगाली हिंदू गृहस्थांच्या प्रवेशाचा प्रश्न पुढे आला. विरोधकांचा मुख्य युक्तिवाद धार्मिक होता. मेसनाने विश्वाच्या एका महान स्थापत्यकारावर, म्हणजे एका परमेश्वरावर, श्रद्धा ठेवावी लागते. हिंदू तर अनेक देव मानतात. शिवाय जात पाळणारा माणूस बंधुत्व कसे पाळणार, आणि शपथ कोणत्या ग्रंथावर घेणार?

युक्तिवाद तत्त्वाचा दिसतो, पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, इंग्लंडच्या संयुक्त ग्रँड लॉजचे १८१३ ते १८४३ पर्यंतचे प्रमुख ड्यूक ऑफ ससेक्स यांनी हिंदूंची अनेक दैवते ही एकाच परमतत्त्वाची रूपे मानता येतात, असे मत पूर्वीच दिले होते. दुसरी, याच कोलकात्यात राममोहन राय यांच्या ब्राह्मो समाजाने १८३० च्या विश्वस्तपत्रात एकेश्वराच्या उपासनेचे स्थान सर्व लोकांसाठी खुले ठेवले होते. हिंदू एकेश्वरवादाचे हे उदाहरण शहरातच समोर असताना तो हिंदूंना कळणार नाही असे म्हणणे, हे अज्ञान तरी होते किंवा सोयीचे कारण. १८५७ चा उठाव होऊन सहाच वर्षे झाली होती, हेही विसरू नये.

वाद लंडनपर्यंत गेला. नऊ वर्षांनी, १८७२ मध्ये, 'अँकर अँड होप' लॉजमध्ये दत्त यांना प्रवेश मिळाला. त्यांनी संघटनेचाच गुण्या संघटनेला लावला होता.

मुंबईत हा प्रश्न आधीच आला होता. पारशी सुधारक माणेकजी कर्सेटजी यांना मुंबईच्या लॉजने नाकारले. त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी स्कॉटिश परंपरेखाली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही भारतीयांना खुली असलेली लॉज स्थापन केली. मुंबईने वेगळे दार काढले. कोलकात्याने तेच दार उघडायला लावले.

त्यानंतर

१८८४ च्या फेब्रुवारीत 'अँकर अँड होप' लॉजमध्येच नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणाने दीक्षा घेतली. हेच पुढचे स्वामी विवेकानंद. त्याच महिन्यात त्यांचे वडील वारले. त्यांच्या सर्वधर्मविचाराचे मूळ लॉजमध्ये शोधण्याची घाई मात्र करू नये. त्या विचारामागे ब्राह्मो समाज आणि श्रीरामकृष्ण यांचा सहवास आहे. एका ठिकाणी हजर असणे आणि तेथून विचार घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९६१ मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली. शपथेच्या ग्रंथाचा वाद भारतात कसा सुटला, हे लॉजमध्ये गेल्यावर दिसते : वेदीवर गीता, कुराण, बायबल असे वेगवेगळ्या धर्मांचे ग्रंथ शेजारी शेजारी असतात. मात्र मुख्य प्रवाहातील लॉजमध्ये स्त्रियांना आजही सभासदत्व नाही. ॲनी बेझंट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणलेली स्त्री-पुरुषांची संयुक्त मेसनरी वेगळी राहिली. पाणसळीचा बुडबुडा अजून पूर्ण मध्यावर आलेला नाही.

सारांश

प्रतीकाचा अर्थ ते घडवणाऱ्याच्या ताब्यात कायम राहत नाही. 'आम्ही सर्व समान' असे एकदा चिन्हातून सांगितले, की बाहेर उभा असलेला माणूस ते चिन्ह पुराव्यासारखे पुढे करू शकतो. कोलकात्यात तेच झाले. हत्यार इतरांना लावण्यासाठी नसून आधी स्वतःच्या कामाला लावून पाहण्यासाठी असते, हे कार्यशाळेत आपण शिकतोच.

विचारासाठी प्रश्न

१. प्रतीक आणि रूपककथा यांतील फरक आपल्या भाषेतील एकेक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. दत्त यांच्या प्रवेशाला झालेल्या विरोधात धार्मिक आणि राजकीय कारणे कशी वेगळी काढाल?
३. आपल्या महाविद्यालयाच्या बोधचिन्हातील मूल्ये प्रत्यक्ष नियमांत कितपत दिसतात?