लादलेली बंदी आणि मागितलेली बंदी

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस किंबर्ली नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथील आदिवासींच्या इतिहासात दारूबंदीची दोन प्रकरणे आहेत. ती एकापाठोपाठ एक वाचावीत, असे आम्हांस वाटते.

पहिले प्रकरण सरकारने लिहिले. पश्चिम ऑस्ट्रेलियात आदिवासींना दारू देणे हा गुन्हा होता. १९४४ च्या कायद्यान्वये ज्याला नागरिकत्वाचा दाखला मिळे, त्यालाच ही मनाई लागू नसे; आणि त्या दाखल्यासाठी आपल्या जमातीशी नाते तोडावे लागे. १९७१ मध्ये तो कायदा रद्द झाला. हातातला पेला अनेकांना समतेची खूण वाटला, यात नवल नाही. त्याच सुमारास समान वेतनाचा निर्णय अमलात आला आणि गुरांच्या कुरणांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुटुंबांना मालकांनी बाहेर काढले. भूमी व काम गमावलेली ही माणसे फिट्झरॉय क्रॉसिंग या लहानशा गावाच्या कडेला येऊन राहिली. पुढे दारूने तेथे घरेच्या घरे पोखरली.

दुसरे प्रकरण स्त्रियांनी लिहिले. वर्षभरात १३ आत्महत्या पाहिल्यावर, जुलै २००७ मधील मेळाव्यात त्यांनी निर्धार केला. बुनुबा जमातीच्या जून ऑस्कर व गुनियांडी जमातीच्या एमिली कार्टर पुढे झाल्या. कडक दारू घरी नेण्यास विकू नये, अशी मागणी त्यांनी मद्यपरवाना अधिकाऱ्याकडे केली. स्वकीयांचाही रोष त्यांनी सोसला. ऑक्टोबर २००७ पासून २.७ टक्क्यांहून अधिक मद्यार्काची दारू गावातून घरी नेण्यास मनाई झाली. सहा महिन्यांचा हा प्रयोग २००८ मध्ये बेमुदत करण्यात आला.

नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या पाहणीत हिंसाचार व दारूपायी रुग्णालय गाठणारे घटल्याचे आढळले. काही पिणारे दूरच्या गावांकडे वळले, हेही तीत नमूद आहे. स्त्रिया मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मातेच्या मद्यपानाने गर्भातील बाळाच्या मेंदूस इजा होते, हे जाणून त्यांनी २००९ मध्ये संशोधकांना पाचारण केले. त्या अभ्यासाचे नाव 'लिलिलवान', म्हणजे 'सगळी चिमुकली'.

वाचकहो, दोन्ही वेळा कायदा 'नको' असेच म्हणाला. पहिल्या वेळी त्याने माणसाचा मान हिरावला. दुसऱ्या वेळी तो आयांनी आपल्या लेकरांसाठी मागून घेतला. दारूपासून समाज सोडवू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा भेद ध्यानी ठेवावा.