डहाणू मतदारसंघ : नाव गेले, प्रश्न राहिले

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील नव्या मतदाराला ‘डहाणू लोकसभा मतदारसंघ’ म्हटले तर चटकन काही उमगत नाही. २००८ च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ रद्द झाला आणि २००९ पासून मतदानयंत्रावर ‘पालघर’ हे नाव आले. आमच्या उर्दू शाळांतील मुले नागरिकशास्त्रात खासदाराची कर्तव्ये पाठ करतात. पण आपल्या परिसरातून दिल्लीला कोण गेले, कोणाच्या जोरावर गेले, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

या मतदारसंघाची मुळे मतपेटीच्याही आधीची आहेत. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारली बांधव जमले. जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबायचे नाही, असा निर्धार गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी शहीद झाले. ज्यांना सावकारासमोर मान वर करण्याची मुभा नव्हती, तीच माणसे काही वर्षांत मतदार झाली. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, शामराव परुळेकर ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

त्या वेळी ठाणे हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. १९६१ च्या कायद्याने असे जोड-मतदारसंघ मोडले. जव्हार संस्थानचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे १९६२ मध्ये भिवंडीतून आणि १९६७ मध्ये डहाणूतून काँग्रेसतर्फे खासदार झाले. मुकणे हे महादेव कोळी घराणे. त्यांच्या मूळ पुरुषाच्या मुलाला १३४३ मध्ये दिल्लीचा सुलतान मुहंमद तुघलकाने मान्यता दिली आणि ‘निमशाह’ हा किताब दिला, अशी परंपरा सांगते. पुढे पतंगशाह, विक्रमशाह अशी नावे या घराण्यात चालत आली. दरबारात मुजरा घेणारा राजा रयतेच्या दारी मत मागायला गेला, ही लोकशाहीची किमया.

मात्र खरा बदल त्यानंतर दिसला. राजाच्या जागी साध्या आदिवासी घरांतील माणसे आली. १९७१ मध्ये काँग्रेसचे लक्ष्मण दुमाडा, १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम. वारली चळवळीचा लाल बावटा कोम यांच्या रूपाने लोकसभेत पोहोचला. १९८० ते १९९१ या काळात काँग्रेसचे दामोदर शिंगडा सलग चार वेळा जिंकले आणि २००४ मध्ये पाचव्यांदा. मध्यंतरी १९९६ आणि १९९९ मध्ये भाजपचे ॲड. चिंतामण वनगा, तर १९९८ मध्ये काँग्रेसचे शंकर नम. पक्ष बदलत गेले. पण जागा राखीव होती, म्हणून आदिवासी माणूस संसदेत गेला. खुल्या जागेवर पैसेवाल्यांपुढे त्याचा निभाव लागला असता का?

तरीही नुसता खासदार मिळाल्याने पोट भरत नाही. १९९२ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा देश हादरला. इकडे किनाऱ्यावर १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली आणि ती महाराष्ट्र-गुजरातला मिळाली. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली. सूर्या प्रकल्पाचे पाणी मूळ इथल्या शेतीसाठी. त्यातला मोठा वाटा वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या नळांकडे वळला. वीज इथली, पाणी इथले, दिवे मात्र दुसरीकडे.

आजच्या पालघर मतदारसंघात डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर हे चार राखीव विधानसभा मतदारसंघ, तर नालासोपारा आणि वसई हे दोन खुले. लोकसभेची जागा राखीवच आहे. परंतु वसई-विरारकडची मते इतकी वाढली की डोंगरातल्या पाड्याला आपला आवाज जपावा लागतो. २००९ च्या पहिल्याच निवडणुकीत बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव विजयी झाले, आणि त्या पक्षाचे बळ वसई-विरारमध्ये होते.

आता प्रश्न आपला. मनोर असो, बोईसर असो, आपल्या बहुतेकांना या जागेवर उमेदवारी नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की, मुस्लीम वस्ती दाट असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आहेत. ती तक्रार रास्त आहे. पण ती इथे लावणे अन्यायाचे होईल. पालघर जिल्ह्यात एक तृतीयांशाहून अधिक लोक आदिवासी आहेत. ही जागा त्यांचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. आपल्या समाजासाठी जी प्रतिनिधित्वाची मागणी आपण करतो, तीच त्यांना मिळाली म्हणून आपण कुरकुर कशी करावी?

उमेदवार होता येत नसले तरी निवड आपल्या हाती आहे. मत मागायला येणाऱ्याला आपण कब्रस्तान आणि उर्दू शाळेविषयी जरूर विचारावे. पण त्याच दमात पाड्यावरील पाणी, कुपोषण आणि प्रकल्पग्रस्तांविषयीही विचारावे. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने शिकवला आहे. डहाणूचे नाव नकाशावरून गेले. तो शेजारी मात्र तिथेच आहे.