आधी चालवून बघा, मग ठरवा

गोवंडी स्टेशनातून बाहेर पडून वि. ना. पुरव मार्गाने ट्रॉम्बेच्या दिशेने निघालं की आधी टाटा सामाजिक विज्ञान संस्था लागते आणि पुढे, मानखुर्दच्या हद्दीत, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. ज्या मुलाने कधी संगणकाला हात लावलेला नाही त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी लिनक्स ठेवावं का, हा प्रश्न या रस्त्यावर फार मनापासून हाताळला गेला. आज त्याला ‘हो’ म्हणणं सोपं आहे. पूर्वी तसं नव्हतं.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये लिनक्सचा गाभा सगळ्यांसाठी खुला केला. मुक्त सॉफ्टवेअरचं हे घराणं जन्मलं ते जाणकारांच्या घरात. सुरुवातीला ते मशीनवर चढवायचं म्हणजे फ्लॉपींची चळत घेऊन बसायचं, हार्ड डिस्कचे भाग स्वतः पाडायचे आणि मॉनिटरची फ्रिक्वेन्सी हाताने लिहायची. आकडा चुकला तर जुना मॉनिटर बिघडण्याची भीती असे. डिस्कचा भाग चुकला तर त्यावरचं सगळं गेलंच.

1996 मध्ये ‘केडीई’ आणि पुढच्या वर्षी ‘ग्नोम’ हे डेस्कटॉप सुरू झाले, तेव्हा खिडक्या, मेनू आणि चिन्हं एका घडणीत आली. 1998 मध्ये फ्रान्सच्या गाएल दुवाल यांनी रेड हॅट लिनक्स आणि केडीई एकत्र करून ‘मँड्रेक’ काढलं, तेही नवख्यांसाठीच. तरी मुख्य धास्ती जागेवरच होती. चालवून बघायचं तर आधी इन्स्टॉल करायला हवं, आणि त्यात घरातल्या एकुलत्या एक संगणकावरचे फोटो आणि हिशेब पणाला लागत.

ही धास्ती घालवली ती 2000 साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांच्या ‘नॉपिक्स’ने. सीडीत 700 एमबी मावत. त्यांनी दाबून भरलेली माहिती वापराच्या वेळी उलगडत जाईल अशी सोय वापरली आणि जवळपास 2 जीबीची प्रणाली एका सीडीत बसवली. सीडी घालून मशीन सुरू केलं की लिनक्स सीडीवरूनच मेमरीत उभं राही, साउंड कार्ड आणि नेटवर्क स्वतः ओळखून घेई. सीडी काढून पुन्हा सुरू केलं की जुनं विंडोज होतं तसं. हार्ड डिस्कला धक्का नाही. या साऱ्या वंशावळीत नवख्या माणसाची खरी कदर याच पिढीने केली.

2004 मध्ये मार्क शटलवर्थ यांचं ‘उबुंटू’ आलं. त्याच्या सीडी मागितल्यास पोस्टाने घरी फुकट येत. ही सोय 2011 पर्यंत चालली. 2006 च्या उबुंटूत चालवून बघण्याची आणि इन्स्टॉल करण्याची सीडी एकच झाली. बघता बघता आवडलं तर तिथल्याच चिन्हावर क्लिक करायचं. त्याच वर्षी क्लेमां लफेव्हर यांनी उबुंटूवरून ‘लिनक्स मिंट’ काढलं. खालच्या डाव्या कोपऱ्यातला मेनू विंडोजवाल्यांना ओळखीचा वाटला.

मुलांसाठी याहून वेगळी शाखा फुटली. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या वाडीच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोहोचले. त्यांत हार्ड डिस्क नव्हती, 1 जीबी फ्लॅश आणि 256 एमबी मेमरी होती. त्यांच्यावर चाले लिनक्सवर बेतलेला ‘शुगर’ हा डेस्कटॉप: फाइल आणि फोल्डर मुलांपुढे येतच नाहीत, केलेलं काम आपोआप ‘जर्नल’मध्ये दिवसांच्या क्रमाने साठतं. शेजारचे लॅपटॉप एकमेकांना थेट जोडले जात. होमी भाभा केंद्रात जी. नागार्जुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुगरमधल्या चॅटवरून मुलं अंकगणित कशी शिकतात याचा अभ्यास केला. एकाने गणित टाइप करायचं, बाकीच्यांनी आपापल्या पडद्यावरून उत्तर धाडायचं. संगणकाचा तास वेगळा असा उरतच नाही. मूल हिशेब करता करता टंकलेखन शिकतं.

पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्ससोबत ‘क्लिक्स’ हा उपक्रम चालवला. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराममधल्या सरकारी शाळांसाठी मुक्त साहित्य तयार झालं. इंटरनेट नसलं तरी शाळेतल्या सर्व्हरवरून धडे चालतील अशी व्यवस्था ठेवली गेली. त्याला युनेस्कोचा 2017 चा किंग हमाद पुरस्कार मिळाला.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 च्या अटींत न बसणारे, पण ठणठणीत चालणारे कितीतरी संगणक त्यामुळे अडकले. अशा मशीनसाठी क्नॉपर यांची युक्ती आता पेन ड्राइव्हवर बसते. मिंट त्यावरून सुरू करून वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का आणि देवनागरी टाइप होतं का, हे आधी पाहून घेता येतं. ‘इरेज डिस्क’चा प्रश्न येतो तो इन्स्टॉल करताना, आणि तिथे हो म्हणण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावी लागतात.