पोलाद पारखणारे यंत्र आणि पीळ बसलेले अंडाशय

२१ जुलै १९५५. स्कॉटलंडमधील रेन्फ्रू येथे बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या आवारात दोन मोटारी येऊन थांबल्या. त्यांच्या डिक्यांमध्ये होत्या शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयाच्या गाठी आणि गर्भाशयातील फायब्रॉइड. तुलनेसाठी गोमांसाचा एक मोठा तुकडाही ठेवला होता. हे सारे घेऊन आलेले गृहस्थ होते ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड.

कारखान्यात एक यंत्र होते. बॉयलरच्या जाड पोलादात भेग वा पोकळी राहिली आहे का, हे ते न फोडता सांगे. कानाला ऐकू न येणारा ध्वनी पोलादात सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी पडद्यावर रेषेच्या उंचवट्यांनी पाहायचा, एवढेच त्याचे तत्त्व. १८८० साली क्यूरी बंधूंनी दाबाने वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकांचा गुणधर्म शोधला. पहिल्या महायुद्धात पॉल लॉंजव्हँ यांनी तो पाणबुड्यांच्या शोधासाठी वापरला. तेथून ही विद्या कारखान्यांत आली. डोनाल्ड स्वतः दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात डॉक्टर होते, त्यामुळे रडार आणि सोनार त्यांना अपरिचित नव्हते.

त्या दिवशी पडद्यावर काय दिसले? द्रवाने भरलेल्या गाठीतून ध्वनी विनाअडथळा पार गेला आणि थेट पलीकडच्या भिंतीवरून परतला. मधला भाग रिकामा. भरीव फायब्रॉइडमध्ये मात्र तो वाटेतच क्षीण होत गेला. पाण्याची गाठ कोणती आणि मांसाची कोणती, हे सुरी न लावता कळू शकते, हे सिद्ध झाले. सोनोग्राफी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गर्भ येतो. पण या विद्येच्या ग्लासगोतील पहिल्या परीक्षेला बसले होते ते अंडाशय.

आजच्या धाग्याचा विषय याच अंडाशयावर येणारे एक संकट आहे. अंडाशय ओटीपोटात दोन बंधांच्या आधाराने लोंबकळत असते, आणि त्याच्या रक्तवाहिन्या याच बंधांमधून येतात. गाठ होऊन ते जड झाले, की झाडावरचे फळ देठाभोवती गरगर फिरावे तसे ते स्वतःभोवती फिरू शकते. देठाला पीळ बसतो, रक्तपुरवठा आवळला जातो. अचानक असह्य कळ, मळमळ, उलट्या. हे उजव्या बाजूला अधिक घडते, कारण डावीकडे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग बरीच जागा अडवून असतो. आणि उजवीकडे दुखले की संशय प्रथम अपेंडिक्सवर जातो. वेळेत पीळ उलगडला नाही तर अंडाशय मरते. रुग्ण पुष्कळदा विशी-तिशीतली, कधी शाळकरी मुलगी असते.

एकोणिसाव्या शतकातील शल्यविशारदांना हा विकार ठाऊक होता, पण तो कळायचा पोट उघडल्यावर. १८९५ साली क्ष-किरण आले, तरी हाडे दाखवणाऱ्या त्या किरणांना मऊ अवयवांतला भेद फारसा दिसत नसे. अपवाद एक, आणि तो मोठा विलक्षण. डर्मॉइड नावाच्या अंडाशयाच्या गाठीत केस, चरबी आणि चक्क दात आढळतात. क्ष-किरणांच्या काचेवर ओटीपोटात दात दिसला, की गाठ ओळखता येई. (पीळ बसणाऱ्या गाठींत डर्मॉइडचा क्रमांक बराच वरचा आहे.) तिला पीळ बसला आहे की नाही, हे मात्र दात सांगू शकत नसे.

पुन्हा ग्लासगो. केल्विन अँड ह्यूज या कंपनीतील टॉम ब्राउन हा विशीतला अभियंता डोनाल्ड यांच्या खटपटीची वार्ता ऐकून आपण होऊन त्यांच्याकडे आला. ब्राउन, डोनाल्ड आणि त्यांचे सहकारी जॉन मॅकव्हिकर यांनी यंत्र रुग्णालयात आणले. अशातच एका स्त्रीचा प्रसंग आला. जठराचा असाध्य कर्करोग असे तिचे निदान झाले होते. फुगलेले पोट त्याचाच परिणाम मानले गेले होते. प्रतिध्वनींनी निराळेच सांगितले: आत स्पष्ट भिंती असलेली, द्रवाने भरलेली प्रचंड गाठ आहे. शस्त्रक्रिया झाली, अंडाशयाची निरुपद्रवी गाठ निघाली आणि मृत्यूच्या दारातली ती स्त्री बरी होऊन घरी गेली. ७ जून १९५८ रोजी ‘लॅन्सेट’मध्ये या तिघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात गर्भाचा उल्लेख नाही. आहे तो पोटातील गाठींचा. (आपल्याकडे सोनोग्राफीचा इतिहास गर्भलिंगनिदानाशी जोडला गेला आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम त्याविरुद्ध कायदा केला. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.)

गाठ दिसू लागली, पण पीळ दिसत नव्हता. पुढल्या दशकांत चित्रे सुधारली. योनिमार्गे तपासणी करणारे प्रोब १९८०च्या दशकात रूढ झाल्यावर अंडाशय जवळून न्याहाळता येऊ लागले. सुजून मोठे झालेले अंडाशय, कडेला मोत्यांच्या माळेसारखी ढकलली गेलेली बीजपुटके, अशा खुणा जमा झाल्या. तरीही मूळ प्रश्न रक्ताचा होता: ते वाहते आहे की थांबले?

त्याचे उत्तर डॉप्लर देईल असे वाटले. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली प्राग येथे आपला सिद्धांत मांडला तो जोडताऱ्यांच्या रंगांविषयी. स्रोत हलत असेल तर लहरींची वारंवारता बदलते, हे तत्त्व रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीलाही लागू पडते. रंगीत डॉप्लर आला तेव्हा पडद्यावर रक्तप्रवाह लाल-निळ्या रंगांत उमटू लागला. साहजिकच एक सोपा नियम रुजला: रंग दिसला तर पीळ नाही, रंग नाही तर पीळ आहे.

माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महाग पडलेला नियम हाच. शरीर त्याला जुमानत नाही. अंडाशयाला रक्त दोन वाटांनी मिळते: एक धमनी थेट महाधमनीतून, दुसरी शाखा गर्भाशयाच्या धमनीकडून. पीळ बसताना प्रथम दबतात त्या पातळ भिंतीच्या शिरा. जाड भिंतीच्या धमन्या बराच वेळ तग धरतात. शिवाय पीळ कधी सैल होतो, कधी पुन्हा आवळतो. म्हणजे पडद्यावर रंग खेळत असताना आत अंडाशय गुदमरत असू शकते. ‘रक्तप्रवाह ठीक’ असा अहवाल हाती घेऊन परत पाठवलेली मुलगी दुसऱ्या दिवशी काळेठिक्कर अंडाशय घेऊन शस्त्रक्रियागृहात येई, ती यामुळे.

मग नजर अंडाशयावरून देठाकडे वळली. कोइम्बतूरचे सोनोलॉजिस्ट एस. बी. विजयराघवन यांनी २००४ साली भोवऱ्याच्या खुणेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पिळलेल्या देठावरून प्रोब पुढे-मागे सरकवला, की आतील रक्तवाहिन्या पाण्यातल्या भोवऱ्यासारख्या गोल फिरताना दिसतात. रक्त वाहते की नाही हा वाद बाजूला ठेवून थेट पीळच पाहायचा. कल्पना साधी, पण ती सुचायला डॉप्लरवरचा भाबडा विश्वास आधी ढळावा लागला.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरही असाच एक जुना समज ठाण मांडून होता. पीळ उलगडला तर आत साकळलेले रक्त सुटून फुप्फुसात जाईल, या भयाने शल्यविशारद देठ न उलगडता अंडाशयच कापून टाकीत. स्टॅन्ली वे यांनी १९४६ साली ‘लॅन्सेट’मध्येच पीळ उलगडून, गाठ तेवढी काढून, अंडाशय राखल्याचे अनुभव मांडले होते. तरी ही प्रथा पुढे कित्येक दशके चालू राहिली.

तिला धक्का दिला तो पुन्हा चित्रांनी. इस्रायलमधील डॉक्टरांनी २००३ साली १०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निळीकाळी पडलेली अंडाशये त्यांनी पीळ सोडवून जागीच ठेवली होती. नंतर सोनोग्राफीने पाहिले, तर बहुतेकांत बीजपुटके पुन्हा वाढत होती. काळा रंग मरणाचा नव्हता; तुंबलेल्या रक्ताचा होता.

२०१९ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनेने किशोरवयीन मुलींविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात दोन्ही गोष्टी आहेत: केवळ डॉप्लरच्या आधारे निर्णय घेऊ नये, आणि काळवंडलेले दिसले तरी अंडाशय शक्यतो काढू नये.