एका पालेभाजीची बखर

लढाया आणि तहनामे यांना इतिहासांत जें मानाचें पान मिळतें तें स्वयंपाकघराला मिळत नाहीं, अशी तक्रार करण्याचा काळ आतां राहिलेला नाहीं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत साखर, मीठ, बटाटा यांचे स्वतंत्र इतिहास मोठमोठ्या पंडितांनीं लिहिले आहेत. परंतु त्यांतहि एक पंक्तिभेद राहूनच गेला आहे. ज्या जिनसेचा व्यापार झाला, जिच्यावर जकात बसली, तिचे कागद उरले आणि म्हणून तिचा इतिहास झाला. जो पदार्थ परसांत उगवला, मडक्यांत शिजला आणि त्याच दिवशीं संपला, त्याची नोंद कोण ठेवणार? कॅरिबियन समुद्रांतील त्रिनिदाद बेटावर रविवारच्या जेवणांत भाताशेजारीं वाढली जाणारी कॅलालू नांवाची भाजी या दुसऱ्या वर्गांतली आहे. तिचा इतिहास कागदांइतकाच तिच्यांतल्या जिनसांवरून वाचावा लागतो. तसा तो वाचला असतां एक विलक्षण गोष्ट हातीं येते. ही भाजी ज्या परसबागेंत पिकली, त्या बागेचा आणि आपल्या देशांतील लाखाहून अधिक माणसें त्या बेटावर नेलीं गेलीं या घटनेचा फार जवळचा संबंध आहे.

प्रथम ती घरीं कशी करावी तें सांगतों, कारण तिला लागणारा एकहि जिन्नस आपल्याला परका नाहीं. अळूचीं दहा-बारा कोंवळीं पानें घ्यावीं आणि देंठ सोलून सर्व बारीक चिरावें. आठ-दहा भेंड्या, पाव किलो लाल भोपळा, एक कांदा, चार पाकळ्या लसूण, थोडी कांद्याची पात आणि पानओव्याचीं दोन-तीन पानें चिरून पातेल्यांत घालावीं. त्यावर दोन वाट्या नारळाचें दूध, तेवढेंच पाणी आणि मीठ घालून मंद आंचेवर पाऊण तास शिजूं द्यावें. एक अख्खी मिरची वर तरंगत सोडावी. ती फुटतां कामा नये. तिचा वास भाजींत उतरावा, तिखटपणा उतरूं नये, असा तेथील सुगरणींचा कटाक्ष असतो. शेवटीं मिरची काढून घ्यावी आणि भाजी एकजीव होईपर्यंत घोटावी. मूळच्या भाजींत खेंकडे किंवा खारविलेली डुकराची शेपटी पडते; शाकाहारी घरांत तीं वगळल्यानें भाजी बिघडत नाहीं. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोंचतात. आपण त्यावर चिंच योजतों. तेथें सर्व भरंवसा दीर्घकाळ शिजविण्यावर असतो, म्हणून घाई असणाऱ्यानें या भाजीच्या वाटेस जाऊं नये. आमच्या घरीं ती प्रथम झाली तेव्हां वडील मंडळींनीं 'हें तर बिनचिंचेचें, बिनगुळाचें फदफदें' असा निवाडा दिला, आणि दुसऱ्यांदा वाढूनहि घेतलें.

घोटण्याचें तेथील साधनहि पाहण्यासारखें आहे. झाडाच्या फांदीला एकाच पेरापासून चोहोंकडे फुटलेल्या डहाळ्या आंखूड तोडून ती काठी करतात आणि दोन्ही तळव्यांमध्यें धरून गरगर फिरवितात. आपली रवी ती हीच. त्रिनिदादमधील हिंदी वंशाच्या घरांत असल्या घोटणीला 'दाल घुटनी' म्हणतात. हल्लीं बहुतेक घरांत विजेचें यंत्र आलें आहे, आणि त्यानें भाजी गुळगुळीत होते खरी, पण जुन्या लोकांना ती फार गुळगुळीत वाटते.

आतां या जिनसांचीं कुळें पाहूं. अळू मूळचें दक्षिण आणि आग्नेय आशियांतलें. तें फार पूर्वींच आफ्रिकेंत पोंचलें होतें. भेंडी आफ्रिकेची. तिचें 'ओक्रा' हें इंग्रजी नांव पश्चिम आफ्रिकेंतील इग्बो भाषेंतून आलेलें आहे. भोपळा आणि मिरची हीं मात्र अमेरिका खंडाचींच लेंकरें. नारळ हा त्या किनाऱ्यावर इतका शोभतो कीं तो तेथला मूळ रहिवासी नव्हे हें कोणास खरें वाटूं नये. पण युरोपियन लोक येण्यापूर्वीं कॅरिबियन बेटांवर तो नव्हता. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक संशोधनाप्रमाणें अटलांटिक किनाऱ्यावरचे माड हिंदी महासागराकांठच्या माडांच्या वंशांतले आहेत. पोर्तुगीज गलबतांनीं जसा तो माड पश्चिमेस नेला, तशीच मिरची पूर्वेस आणली. येथें जातां जातां सांगावेंसें वाटतें कीं, आपल्या उपवासाच्या फराळांतील रताळें, बटाटा, शेंगदाणा, मिरची, आणि ज्या कंदापासून हल्लींचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, हीं सर्व अमेरिकेचीं आहेत. आपल्या धर्मशास्त्रकारांस ज्यांचें नांवहि ठाऊक नव्हतें असल्या पदार्थांवर आपली एकादशी चालते. तेव्हां दुसऱ्याच्या पातेल्यांतील सरमिसळ पाहून आपण नवल करण्याचें कारण नाहीं.

परंतु वनस्पती समुद्र ओलांडून आल्या एवढ्यानें भाजी होत नाहीं. त्या कोणीतरी लावाव्या लागतात, आणि येथेंच खरा इतिहास सुरू होतो.

कोलंबसाला त्रिनिदाद दिसलें तें ३१ जुलै १४९८ रोजीं. त्यानंतर जवळजवळ तीनशें वर्षें तें बेट स्पेनच्या ताब्यांत असूनहि बहुतेक ओसाडच राहिलें. १७८३ च्या स्पॅनिश जाहीरनाम्यानें कॅथॉलिक मळेवाल्यांना जमिनीचें आमिष दाखविलें, तेव्हां शेजारच्या बेटांतून फ्रेंच मळेवाले आपले आफ्रिकन गुलाम घेऊन तेथें आले. १७९७ मध्यें इंग्रजांनीं बेट घेतलें. ऊंस, आणि ऊंस पिकविणारे गुलाम, हा या सर्व बेटांचा एकच धंदा होता. मराठी वाचकाला गुलामगिरी हा शब्द महात्मा फुले यांच्या १८७३ च्या पुस्तकामुळें परिचित आहे. तें त्यांनीं अमेरिकेंतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलें होतें. परंतु ज्या दास्याचा त्या अर्पणपत्रिकेंत उल्लेख आहे त्याचा दिनक्रम काय होता, गुलाम रात्रीं घरीं येऊन खात काय असत, हें आपल्याकडे फारसें कोणी विचारलेलें नाहीं.

मळेवाल्याच्या हिशेबाच्या वह्यांत खारे मासे आणि धान्याचीं पिंपें यांची नोंद सांपडते. भाजीची सांपडत नाहीं, कारण ती त्याला विकत घ्यावी लागत नसे. डोंगराळ बेटांत, जमैकांत विशेष, जी जमीन ऊंसाला निरुपयोगी ती गुलामांना पोट भरण्यासाठीं नेमून देत. हॅन्स स्लोन नांवाचा इंग्रज वैद्य १६८७ ते १६८९ या काळांत जमैकांत होता. त्यानें लिहून ठेवलें आहे कीं, शनिवारची दुपार, रविवार आणि नाताळसारखे सण एवढा वेळ गुलामांना आपल्या या जमिनी कसण्यासाठीं मिळे. म्हणजे सहा दिवस धन्याची चाकरी आणि विश्रांतीच्या दिवशीं स्वतःच्या पोटाची! मळेवाल्याच्या दृष्टीनें ही मोठीच काटकसर होती. उलट बार्बाडोस बेट लहान व सपाट. तेथें ऊंसानें सारी भुई व्यापलेली, म्हणून गुलामांना असल्या जमिनी फारशा मिळाल्या नाहींत आणि मोजून दिलेल्या मक्यावर त्यांना राहावें लागलें. मक्याचें पीठ आणि भेंडी घोटून केलेला 'कूकू' हा बार्बाडोसचा आजचा राष्ट्रीय पदार्थ आहे. दोन बेटांच्या ताटांतला हा फरक मुळांत जमिनीच्या चढ-उताराचा आहे.

या परसबागांतून मालकांना न कळत एक दुसरेंच पीक आलें. उरलेली भाजी, कंद, कोंबड्या घेऊन गुलाम बायका रविवारच्या बाजारांत बसूं लागल्या. जमैकाचा इतिहासकार एडवर्ड लाँग हा स्वतः मळेवाला होता आणि आफ्रिकन लोकांविषयीं त्याचे लेखन अत्यंत तुच्छतेचें आहे. त्याच लाँगनें १७७४ च्या आपल्या ग्रंथांत अंदाज दिला आहे कीं, बेटांत फिरणाऱ्या नाण्यांपैकीं सुमारें पांचवा हिस्सा गुलामांच्या हातीं होता. कायद्यानें जो स्वतःच वस्तु होता, तो वस्तु विकून गल्ला बांधीत होता. सिडनी मिंट्झ व डग्लस हॉल यांनीं १९६० सालीं जमैकाच्या या बाजारांवर जो निबंध लिहिला, त्यानंतर या गोष्टीकडे अभ्यासकांचें लक्ष गेलें.

या व्यवस्थेंतील क्रौर्य दुष्काळांत उघडें पडे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धामुळें उत्तरेकडून येणारें धान्य व खारे मासे बंद झाले, आणि १७८० पासून लागोपाठ वादळांनीं परसबागा झोडपून काढल्या. १७८० ते १७८७ या काळांत जमैकांत उपासमारीनें व तज्जन्य रोगांनीं पंधरा हजार गुलाम मेले, असा तेथील विधिमंडळाचाच अंदाज आहे. त्यावर उपाय म्हणून ऊंसाची जमीन कमी करावी हें कोणास सुचलें नाहीं. सुचलें तें हें कीं, ताहिती बेटांतून विलायती फणसाचीं रोपें आणावीं, म्हणजे गुलामांना फुकटची भाकरी मिळेल. कॅप्टन ब्लाय याचें 'बाउंटी' हें जहाज त्याच कामावर गेलें होतें. १७८९ सालीं खलाशांनीं बंड केलें आणि हजारावर रोपें समुद्रांत फेंकून दिलीं, ही कथा प्रसिद्धच आहे. ब्लाय पुन्हां गेला आणि १७९३ सालीं त्यानें तीं झाडें सेंट व्हिन्सेंट व जमैका येथें पोंचविलीं. गंमत अशी कीं, ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्यांनीं तें फळ पुष्कळ काळ जवळ केलें नाहीं, डुकरांना घातलें. पुढें तें रुळलें. परंतु सरकारी पैशानें सातासमुद्रांपलीकडून आणलेल्या फळाला जें साधलें नाहीं, तें कोणाच्याहि हुकुमावांचून लावलेल्या अळूला आणि भेंडीला आधींच साधलें होतें.

१ ऑगस्ट १८३४ रोजीं ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी कायद्यानें संपली. नुकसानभरपाईचे दोन कोटी पौंड मालकांना मिळाले, गुलामांना कांहीं नाहीं. उलट उमेदवारीच्या नांवाखालीं आणखी चार वर्षें त्यांना राबविलें. १ ऑगस्ट १८३८ रोजीं तींहि संपलीं. आणि मग परसबागेचा खरा प्रताप दिसला. पिढ्यान् पिढ्या स्वतःचें अन्न स्वतः पिकविणाऱ्या व तें विकून चार पैसे गांठीला बांधणाऱ्या लोकांना मळेवाल्याच्या दारीं त्याच्या दरानें जाण्याची गरज कां वाटावी? त्रिनिदादमध्यें पडीक जमीन विपुल होती. जे जाऊं शकले ते मळ्यांवरून उठून गेले, छोटीं शेतें करूं लागले. जे राहिले ते अधिक मजुरी मागूं लागले. मळेवाल्यांनीं याला आळस म्हटलें. तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांत हा शब्द इतक्या वेळां येतो कीं, आपले कांहीं लेखकहि तो भोळेपणानें उचलतात. तो उचलूं नये.

या 'आळसावर' उपाय म्हणून ३० मे १८४५ रोजीं 'फतेल रझाक' हें जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेंच्या आसपास माणसें घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलें. त्या दिवसापासून १९१७ पर्यंत सुमारें १ लाख ४४ हजार हिंदी मजूर करारानें त्रिनिदादला गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे, कांहीं मद्रासेकडचे. मराठी माणूस त्यांत क्वचितच. करार मोडणें हा दिवाणी दावा नसून फौजदारी गुन्हा होता, आणि परवान्यावांचून मळ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्यास तुरुंग दाखवीत. मराठी माणसाचा या प्रकरणाशीं संबंध आला तो दुसऱ्या बाजूनें. मार्च १९१२ मध्यें नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत ही करारपद्धति सर्वस्वीं बंद करावी असा ठराव मांडला. सरकारी बहुमतानें तो नापास झाला, पण पांच वर्षांनीं भरती थांबली ती थांबलीच.

या नव्या मजुरांना त्या बेटावर ओळखीचें असें जें थोडें भेटलें त्यांत अळूचें पान होतें. आफ्रिकन माणसाच्या परसांतलें तें पान त्यांनीं आपल्या पद्धतीनें केलें: लसूण-मिरचीची फोडणी देऊन भाजी, आणि वाटल्या डाळीचें पीठ पानांना फांसून, गुंडाळी करून, तळून 'सहिना'. आपली अळूवडी जिनें खाल्ली आहे तिला हा पदार्थ समजावून सांगावा लागणार नाहीं. तेथें उगवणाऱ्या एका उग्र वासाच्या पानाला त्यांनीं 'बनधनिया' म्हटलें, तें नांव 'बंधनिया' होऊन अजून बाजारांत चालतें. १८६९ पासून कांहीं वर्षें परतीच्या भाड्याऐवजीं दहा एकर जमीन घेण्याची सवलत होती. ती घेऊन अनेकजण तेथेंच राहिले आणि भात, भाजीपाला पिकवूं लागले. जें पूर्वीं आफ्रिकन गुलामानें केलें तेंच हिंदी मजुरानें केलें: ऊंसाच्या मळ्यांतून सुटण्याची वाट त्यालाहि भाजीच्या वाफ्यांतूनच सांपडली.

आज त्रिनिदादमध्यें निरनिराळ्या वंशांच्या मिश्रणाला कॅलालूची उपमा देण्याची रीत आहे. सारे जिन्नस एका पातेल्यांत, सारे एकजीव! उपमा गोड आहे आणि सणासमारंभाच्या भाषणांत शोभते. मला ती मान्य नाहीं. अळू, भेंडी, नारळ हीं त्या पातेल्यांत आपण होऊन उतरलीं नव्हतीं, आणि पातेलें ज्याच्या चुलीवर होतें त्यानें एका मजुराला दुसऱ्याची मजुरी पाडण्यासाठींच आणलें होतें. त्या स्पर्धेचा कडवटपणा तेथील राजकारणांत दीर्घकाळ दिसत आला आहे. शिवाय जमैकांत कॅलालू म्हणून जी भाजी मिळते ती अळूची नसून माठाच्या जातीची असते, आणि ती घोटीतहि नाहींत. कांदा-टोमॅटोबरोबर परतून सकाळच्या न्याहारीला खातात. एकाच नांवाखालीं दोन बेटांना जेथें एक भाजी ठरवितां आली नाहीं, तेथें एका शब्दांत अख्खा समाज कसा मावणार?

त्रिनिदादच्या बाजारांत मात्र अळूच्या पानांची जुडी सर्वांना एकच मिळते. एका घरीं तिची नारळाच्या दुधांतली कॅलालू होते, दुसऱ्या घरीं भातावर वरण आणि शेजारीं तिचीच परतलेली भाजी असते; आणि हल्लीं पुष्कळ घरीं दोन्ही होतात.