क्ष-किरण कॅमेऱ्याचे अंशांकन
१. अंशांकन : उपकरणाची नोंद ज्ञात मूल्याशी ताडून पाहणे. लेसरने तापवलेल्या प्लाझ्माचे क्ष-किरण टिपणाऱ्या सीसीडी कॅमेऱ्यासाठी बरेचदा लोह-५५ हा किरणोत्सारी स्रोत वापरतात. त्याचे मँगनीजमध्ये रूपांतर होताना मुख्यतः ५.९ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर पडतात. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन-विवराची एक जोडी तयार व्हायला सुमारे ३.६५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे अशा एका फोटॉनमागे सुमारे १,६०० इलेक्ट्रॉन. कॅमेऱ्याने नोंदवलेला आकडा या संख्येशी ताडला, की त्याचे एक एकक किती इलेक्ट्रॉनांचे, हे कळते. लोह-५५चा अर्धायुकाल सुमारे २.७ वर्षे आहे. त्यामुळे स्रोताची तीव्रता घटते, पण फोटॉनची ऊर्जा बदलत नाही. प्रस्तुत प्रकरणातील प्लाझ्माच्या तापमानाचे आकडे या तपासणीवरच उभे आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. — संपा.